इकालुइटची नोकरी आणि घराचा प्रश्न

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमानांना इकालुइटमध्ये, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशाच्या राजधानीत, दोन वर्षांची नोकरी मिळतेय, पगार टोरांटोपेक्षा चांगला आहे, फक्त राहायची सोय आपली आपण करायची. सरकार तिथे तीन हजार घरं बांधतंय असं वाचलंत, म्हणून सहा-आठ महिन्यांत काहीतरी हाताला लागेल असं वाटतंय. आणि शेवटी विचारलंत की तिथल्या लोकांना महिना 60 डॉलरमध्ये घर मिळतं, मग आपणच तीन हजार का मोजायचे?

घर लेखी मिळत नसेल तर जाऊ नका, हे माझं उत्तर. का ते नीट सांगतो. मी नुनावुतमध्ये सहा वर्षं काढली, आधी रँकिन इन्लेट, मग इकालुइट. एका बांधकाम ठेकेदाराकडे हीटिंग आणि प्लंबिंगचं काम बघायचो.

तीन हजारांचा आकडा खरा आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये नुनावुत सरकारनं ही योजना जाहीर केली. तिच्या इनुक्टिटुट (तिथल्या इन्युइट लोकांची भाषा) नावाचा अर्थ साधारण ‘मिळून घरं बांधणं’ असा होतो. मुदत 2030. पण त्या तीन हजारांची फोड बघा: 1,400 सरकारी भाड्याची घरं, 300 बेघर आणि अडचणीतल्या लोकांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी, 900 कमावत्या पण बाजारभाव न झेपणाऱ्या कुटुंबांसाठी, आणि खुल्या बाजारात 400. तीही पंचवीस गावांत मिळून. योजना जाहीर झाली त्याच दिवशी तुटवडा तीन हजारांच्या वर होता आणि नुनावुतची लोकसंख्या कॅनडात सगळ्यात तरुण आहे. दरवर्षी नवी जोडपी, नवी बाळं. म्हणजे सगळी घरं वेळेत उभी राहिली तरी आधी रांगेतलीच माणसं आत जाणार, आणि तेच योग्य आहे.

बांधायला इतका वेळ का लागतो, हे इथे दक्षिणेत बसून कळत नाही. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहापट, माणसं 2021 च्या जनगणनेत 36,858, आणि पंचवीसपैकी एकाही गावाला बाहेरून रस्ता नाही. बांधकामाचं सगळं सामान जहाजानं येतं, जुलै ते ऑक्टोबर या काळात, बर्फ वितळलेला असतो तेव्हा. कोकणातला माणूस हे चटकन समजेल: आपल्याकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात ना, तसंच. फरक एवढाच की तिथे एखादी वस्तू राहिली तर वाण्याकडे धावायची सोय नाही. एका वर्षी आमच्या चार घरांच्या खिडक्यांचं खोकं मॉन्ट्रियलजवळच्या धक्क्यावरच राहिलं. विमानानं मागवायचं तर भाडं खिडक्यांच्या किमतीच्या वर जात होतं. शेवटी चौकटींवर प्लायवूड ठोकून हिवाळा काढला. त्या चार कुटुंबांना किल्ल्या पुढचं जहाज येऊन गेल्यावर मिळाल्या. तेव्हापासून मी यादी तीनदा तपासतो.

इकालुइटला तर 2023 पर्यंत मोठं जहाज लागेल असा धक्काही नव्हता. शहर ज्याच्या काठी आहे त्या फ्रोबिशर उपसागरात भरती-ओहोटीचं अंतर दहा मीटरच्या वर जातं. भरती साधून सामान तराफ्यांवरून किनाऱ्यावर उतरवायचं, ओहोटी लागली की थांबायचं.

मग जमीन. खालची माती बारमाही गोठलेली असते. तिच्यावर थेट घर बांधलं तर घराची ऊब खाली जाते, माती वितळते आणि घर खचतं. म्हणून घरं लोखंडी खांबांवर किंवा सांगाड्यावर उचललेली असतात आणि खालून वारा वाहू देतात. आतलं दार चौकटीला घासायला लागलं की समजायचं, खाली काहीतरी हललंय.

आणि पाणी. बहुतेक घरांत पाणी टँकरनं येतं आणि मैलापाणी दुसऱ्या टँकरनं जातं. मैल्याची टाकी भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद पडतो. हिमवादळात टँकर दोन दिवस आला नाही तर नळ कोरडे, मग घरात तान्हं बाळ असो की आजारी माणूस. ऑक्टोबर 2021 मध्ये इकालुइटच्या पाण्यात इंधन मिसळलं आणि शहर कित्येक आठवडे बाटलीबंद पाण्यावर होतं. पुढच्या वर्षी संघराज्य सरकारनं शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी 214 दशलक्ष डॉलर जाहीर केले. घरांच्या बातमीत ही रक्कम कोणी मोजत नाही, पण पाणी आणि तयार भूखंड नसेल तर घराचा निधी नुसता पडून राहतो.

आता 60 डॉलर. ते सगळ्यांना नाही. सरकारी घराचं भाडं उत्पन्नावर ठरतं आणि 60 हा सगळ्यात खालचा टप्पा आहे, ज्यांचं उत्पन्न सगळ्यात कमी आहे त्यांच्यासाठी. ही फुकटेगिरी आहे असं आपल्या लोकांकडून मी बरेचदा ऐकलंय, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. इन्युइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, स्वखुशीनं या सरकारी घरांत आलेले नाहीत. 1950-60 च्या दशकांत शाळा, दवाखाना, सरकारी भत्ता यांच्या जोरावर त्यांना शिकारीच्या तळांवरून वस्त्यांत आणलं. 1953 मध्ये तर उत्तर क्वेबेकमधल्या इनुक्जुआक गावची कुटुंबं उचलून दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेऊन सोडली. स्लेजचे कुत्रे मारले गेले, म्हणजे परतीची वाटच बंद झाली. सरकारनं स्थलांतराबद्दल 2010 मध्ये आणि नुनावुतच्या किकिक्तानी भागातल्या अन्यायाबद्दल 2019 मध्ये माफी मागितली. ज्या खोक्याएवढ्या घरांत त्यांना ठेवलं, त्यांना लोक काड्यापेटीची घरं म्हणत.

हीच घरं पुढे वाढवायची होती. पण 1993 च्या अर्थसंकल्पात संघराज्य सरकारनं नव्या सामाजिक घरबांधणीचा पैसाच थांबवला. 2006 मध्ये नुनावुतला 200 दशलक्ष मिळाले, 2022 मध्ये कॅनडातल्या चारही इन्युइट प्रदेशांसाठी (नुनावुत त्यातलाच एक) सात वर्षांत 845 दशलक्ष. माझं ठाम मत आहे की रकमेपेक्षा निधीत पडलेला हा खंड जास्त मारतो. काम थांबलं की तयार झालेला सुतार, इलेक्ट्रिशियन दुसरीकडे वळतो आणि पुढच्या निधीच्या वेळी पुन्हा दक्षिणेतून माणसं विमानानं आणावी लागतात. रँकिन इन्लेटला 2010 पासून कारागिरांचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून शिकलेली दोन मुलं माझ्या हाताखाली होती. गावातला बॉयलर रात्री दोनला बंद पडला तर तीच जातात. अशी माणसं प्रत्येक गावात हवीत, नाहीतर नवी घरंही वीस वर्षांत जुन्यांसारखी होतील.

2021 च्या जनगणनेनुसार इन्युइट प्रदेशांत राहणारे निम्म्याहून अधिक इन्युइट दाटीच्या घरांत राहतात. एकदा तीन खोल्यांच्या घरात हवा खेळवण्याचं यंत्र दुरुस्त करायला गेलो. अकरा माणसं. पाळीपाळीनं झोपायची, गिरणगावातल्या खोल्यांत गिरणी कामगार झोपायचे तशी. दिवसा गाद्या भिंतीला उभ्या. मी एक गादी बाजूला केली तर मागे तिच्याच आकाराची काळी बुरशी. आजी रोज ब्लीचच्या पाण्यानं पुसायच्या, रोज ती परत यायची. यंत्रात बिघाड नव्हता. हवा येण्याच्या जाळीत कोणीतरी मोजा कोंबला होता, कारण खाली बाळ झोपायचं आणि गार झोत थेट त्याच्या अंगावर. मी पत्र्याचा तुकडा वाकवून झोत छताकडे वळवला आणि मोजा काढला. पण अकरा जणांच्या श्वासाची वाफ एवढ्या घरातून बाहेर काढणं त्या यंत्राच्या आवाक्यात नव्हतं. इन्युइट लोकांत क्षयाचं प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-मूलनिवासी लोकांच्या सुमारे 300 पट आहे असं जेव्हा सरकारच सांगतं, तेव्हा मला ती भिंत दिसते.

म्हणून म्हणतो, स्वतःच्या भरवशावर खोली शोधायला जाऊ नका. मिळालीच तर ती याच तुटपुंज्या घरांतली असेल. आणि विकत घ्यायचा विचार असेल तर आधी हे ध्यानात घ्या: इकालुइटमध्ये जमीन विकत मिळत नाही, भाडेपट्ट्यावर असते. जमीन विकू द्यावी का यावर 2016 मध्ये मतदान झालं आणि लोकांनी नाही म्हटलं.

नुनावुत सरकारच्या जाहिरातींत कर्मचारी-निवासस्थान मिळणार की नाही हे स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या प्रस्तावात ते नाही, तेव्हा यजमानांना मागायला सांगा: घर कोणतं, भाडं किती, हीटिंग आणि पाणी कोणाकडे, नोकरी सुटली तर किती दिवसांत खाली करायचं. सही करायच्या आधी हे कागदावर आलं तर जरूर जा, माणसं फार चांगली आहेत. आणि जाणार असाल तर मे संपायच्या आत ठरवा, जहाजात काय भरायचं त्याची यादी मी करून देतो.