आधी कृपा, मग शांती: वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी ठाणे, कळवा आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: देवाची कृपा आणि मनाची शांती यांचा एकमेकींशी काय संबंध? पाच प्रश्न निवडले आहेत. वाचकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.

बायबलमधल्या पौलाच्या पत्रांच्या सुरुवातीला दर वेळी 'कृपा व शांती' असंच येतं, उलट कधीच नाही. याला काही अर्थ आहे, की हा आपल्या 'सा. न. वि. वि.' सारखा नुसता मायना आहे? (कोपरी, ठाणे)

मायना आहेच, पण पौल तो विचार करून लिहितो. त्याच्या नावाने असलेल्या तेराही पत्रांच्या सुरुवातीला हे दोन शब्द आहेत, अगदी पंचवीस ओव्यांच्या फिलेमोनाच्या पत्रातही. तीमथ्याच्या दोन पत्रांत मध्ये 'दया' येते. क्रम मात्र कुठेही उलटत नाही. हा क्रम त्याच्याही आधीचा आहे: गणना 6:24-26 मधल्या अहरोनाच्या आशीर्वादात परमेश्वर आधी कृपा करतो आणि शेवटी शांती देतो.

कारण रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात सापडतं. विश्वासाने नीतिमान ठरल्यामुळे देवाबरोबर आपली शांती झाली, असं पौल पहिल्या ओवीत सांगतो आणि दुसऱ्या ओवीत आपण ज्या कृपेत उभे आहोत तिच्याकडे बोट दाखवतो. शांती म्हणजे इथे शांत वाटणं नव्हे. तुटलेला संबंध सांधला गेला, वैर संपलं, ही वस्तुस्थिती. ते वैर आपण संपवलेलं नाही, म्हणून आपल्या बाजूने सुरुवात करून कृपेपर्यंत पोचता येत नाही. आणि तिसऱ्याच ओवीत तो संकटांविषयी बोलू लागतो, हे वाचताना बहुतेकांच्या नजरेतून निसटतं.

गलतीकरांस पत्र या दृष्टीने जरूर वाचा. पौल त्यांच्यावर इतका चिडलेला आहे की नेहमीची आभाराची वाक्यं गाळून सहाव्या ओवीपासून फैलावर घेतो. तरी तिसऱ्या ओवीत 'कृपा व शांती' आहेच आणि शेवटच्या ओवीत पुन्हा कृपा. राग आला म्हणून त्याने ती रोखून धरलेली नाही.

मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनेची, रचनाही अशीच आहे. सुरुवातीच्या अभिवादनात ख्रिस्ताची कृपा, निरोपात 'शांतीने जा'.

पापनिवेदन केलं, दिलेलं प्रायश्चित्तही पूर्ण केलं. तरी रात्री तेच विचार. शांती नाही म्हणजे कृपा मिळाली नाही असं समजायचं का? (ऐरोली)

नाही. पापमुक्तीच्या शब्दांतच धर्मगुरू देवाकडे तुमच्यासाठी 'क्षमा आणि शांती' मागतात. ती शांती म्हणजे देवाशी झालेला समेट. तो त्या क्षणी होतो, तुम्हाला जाणवो वा न जाणवो. फिलिप्पैकरांस 4:7 मध्ये जी अंतःकरण राखते ती दुसरी, अनुभवाला येणारी शांती. ती कधी लगेच येते, कधी महिनोनमहिने येत नाही. दुसरी आली नाही म्हणून पहिली झालीच नाही, असा हिशेब बहुतेक जण मांडतात आणि तिथेच चुकतात.

तरीही तीन गोष्टी या क्रमाने तपासा.

एक, काही मुद्दाम लपवलं होतं का? विसरलेलं पाप क्षमेत येतं. गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगायचं, एवढंच. जाणूनबुजून गंभीर पाप दडवलं असेल तर मात्र ते निवेदन अपुरं आहे, पुन्हा करावं लागेल.

दोन, भरपाई बाकी आहे का? इथे खूप लोक अडकतात. पापमुक्तीने पाप जातं, झालेलं नुकसान आपोआप भरून येत नाही. भिशीचे पाच हजार अडकवून ठेवले असतील तर ते नेऊन द्यायला हवेत. कोणाविषयी खोटं पसरवलं असेल तर ज्यांना सांगितलं त्यांच्याच कानावर खरं घालायला हवं. असली टोचणी हा आजार नाही, ती बरोबरच सांगते आहे.

तीन, एकदा क्षमा झालेलं तेच पाप तुम्ही पुन्हा पुन्हा सांगत आहात का? 'नीट सांगितलं नसेल', 'पुरेसा पश्चात्ताप नव्हता' अशा शंका निघत राहतात का? मग आणखी पापनिवेदनं करून त्या मिटत नाहीत, उलट वाढतात, कारण दर वेळी शंकेला मान दिला जातो. एकच धर्मगुरू ठरवा, आपल्याला ही सवय आहे हे त्यांना आधीच सांगा, आणि त्यांनी 'हे पुन्हा सांगू नका' म्हटलं की मन कितीही ओरडलं तरी सांगू नका. चर्च बदलत राहिलात तर प्रत्येक नव्या फादरांपुढे गोष्ट पहिल्यापासून सुरू होते.

प्रार्थनेबाबत एक सूचना. फिलिप्पैकरांस 4:6 मध्ये 'आपली मागणी देवाला कळवा' असं आहे आणि सोबत आभारही आहेत. मागणी नेमकी असावी. 'घराचं बघ देवा' यापेक्षा 'दहा तारखेचा हप्ता कसा भरू ते सुचव' असं म्हणा आणि त्या दिवशी मिळालेल्या एखाद्या गोष्टीचे नाव घेऊन आभार माना. पौल हे तुरुंगातून लिहितो आहे, आरामखुर्चीतून नाही.

झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर डॉक्टरांकडे जा. त्यात अविश्वास नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, काढण्यासाठी देवाला तीनदा विनवणी केली. 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर मिळालं आणि काटा तसाच राहिला.

माहीमला नऊ बुधवारची नोव्हेना धरली होती. आठव्या बुधवारी पावसाने लोकल बंद. आता पहिल्यापासून सुरू करायची का? नाहीतर कृपा मिळणार नाही, असं शेजारच्या काकी म्हणतात. (कळवा)

काकींना नमस्कार सांगा आणि पुढच्या बुधवारी जा. एखादा बुधवार चुकला तर खातं बंद, असा चर्चचा कोणताही नियम नाही. नोव्हेना म्हणजे आरडी नव्हे. नऊ हा आकडा येशूच्या स्वर्गारोहणापासून पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, शिष्य प्रार्थनेत राहिले त्यावरून घेतलेला आहे (प्रे. कृत्ये 1:14). तो चिकाटी लागावी म्हणून आहे. आकडा पूर्ण झाला म्हणजे देव बांधला गेला, असं मानलं की ती कृपा राहत नाही, व्यवहार होतो. मग मागणं पुरं झालं नाही की माणूस स्वतःत चूक शोधत बसतो: मेणबत्ती विझली म्हणून, रांगेत बोललो म्हणून. कृपेवर भरवसा ठेवायला गेलेला माणूस असा धास्तावून घरी येतो.

मी कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट. कृपेविषयी आमच्या दोघांच्या चर्चची शिकवण फार वेगळी आहे का? सासरी यावरून वाद होतात. (नेरूळ)

जेवणाच्या टेबलावर वाटतो तितका फरक नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांपैकी लूथरन चर्चनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा सत्कर्मांसाठी आपल्याला घडवतो. 2006 मध्ये मेथॉडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड चर्चेस त्यात सामील झाली. फरक उरतात ते संस्कारांची संख्या, कृपा माणसात कशी काम करते आणि वाढते, अशा मुद्द्यांवर. ख्रिस्तप्रसाद एकत्र घेण्याबाबत आपापल्या फादरांना आणि पाळकांना विचारा. घरी रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना करायला मात्र कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

वडील मृत्युपत्र न करता वारले. आई आहे, आम्ही दोन भाऊ आणि मी बहीण. मोठा भाऊ म्हणतो, तुझ्या लग्नात खर्च केला, आता घरात हक्क नाही. दर रविवारी मिस्सात शांतीचिन्हाच्या वेळी तो पुढच्याच बाकावर असतो. हात जोडू का? ढोंग वाटतं. शांतीसाठी हक्क सोडून द्यावा, असं आई म्हणते. (वर्तकनगर, ठाणे)

हात जोडा. भांडण मिटलं, अशी ती जाहीर कबुली नाही. त्या वेळी आपण स्वतःची नव्हे, ख्रिस्ताची शांती एकमेकांना देतो. ती तुमच्याकडे शिल्लक आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. कॅथलिक मिस्सात हे चिन्ह 'हे आमच्या स्वर्गातील बापा' नंतर आणि ख्रिस्तप्रसादाच्या आधी येतं, म्हणजे 'आम्ही क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर' हे तोंडातून नुकतंच निघालेलं असतं. हात जोडून शांती देण्याची मुभा भारतात 1969 पासून आहे. शांतीचिन्हासाठी जागा सोडून फिरू नये, असं व्हॅटिकनने 2014 मध्ये पुन्हा बजावलं. तेव्हा विषय काढायला बाक ओलांडून जाण्याची ही वेळ नव्हे.

विषय काढायचा तो मत्तय 18:15-17 च्या क्रमाने. आधी एकटीने, त्याच्या घरी, फॅमिली ग्रुपवर अजिबात नाही. नाही ऐकलं तर दोघांनाही मान्य अशी एक-दोन माणसं घेऊन. मामा, धर्मपिता, कोणीही, पण त्या घरात ज्यांचा वाटा नाही असे. मग फादर. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर खटले भरावेत हे पौलाला रुचत नाही, पण तिथेच तो विचारतो, निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का (1 करिंथ 6:5)? गप्प बसा, असं तो म्हणत नाही.

बोलायला जाताना कायदा माहीत असू द्या. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राविना वारला तर 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. घर वडिलांच्या एकट्याच्या मालकीचं असेल तर आईचा एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे. मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे तुम्हा तिघांचे प्रत्येकी दोन नवमांश. वडिलांनी हयातीत मुलाला किंवा मुलीला जे दिलं ते वाट्यातून वजा होत नाही (कलम 49), त्यामुळे लग्नाच्या खर्चाचा मुद्दा टिकत नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचं नाव असलं तरी तेवढ्याने तो मालक होत नाही.

आता आईंचं म्हणणं. हक्क सोडणं हे खरोखर दान असू शकतं, पण ते मोकळ्या मनाने दिलेलं असावं. 'वाद नको' म्हणून दबावाखाली दिलेली सही पुढे वर्षानुवर्षं सलते आणि मग भावाची पोरंही डोळ्यांत खुपू लागतात. शांती नसताना 'शांती, शांती' म्हणणाऱ्यांना यिर्मयाने खडसावलं आहे (6:14). पौलही रोमकरांस 12:18 मध्ये सगळ्यांशी शांतीने राहा म्हणताना 'साधेल तर, तुमच्याकडून होईल तितके' अशी अट घालतो. तुमच्याकडून होणारं म्हणजे कटू न बोलणं, आईला मध्ये न ओढणं, त्याच्या घरच्या कार्याला जाणं. त्याने मानणं हे तुमच्या हातात नाही.

सोडायचंच ठरलं तर काही महिने थांबून, स्वतःचा वकील करून, मगच दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवा. घ्यायचं ठरलं तर रक्कम, तारखा आणि आईच्या राहण्याची सोय कागदावर आणून सगळ्यांच्या सह्या घ्या.