भाषणं यूट्यूबवर फुकट दिसतात, मग मुलीला पुण्याला कशाला पाठवायचं?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी सांगलीत सिव्हिल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका कॉलेजात होणाऱ्या टेडएक्स या छोट्या भाषणांच्या कार्यक्रमाला तिला जायचंय आणि तिकीट, प्रवास धरून अडीच हजारांचा खर्च आहे. ‘भाषणं नंतर यूट्यूबवर फुकट दिसतात, मग हा खर्च कशासाठी?’ असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे, पण माझं उत्तर ‘पाठवा’ असंच आहे. फक्त आधी तिला थोडी तयारी करायला सांगा.

टेड ही नव्या कल्पनांवरची छोटी भाषणं भरवणारी अमेरिकी संस्था. तिची पहिली परिषद १९८४ साली कॅलिफोर्नियात माँटेरेला झाली. २००६ पासून त्यांनी भाषणं इंटरनेटवर मोफत द्यायला सुरुवात केली. तरीही मुख्य परिषदेला लोक आजही हजारो डॉलर मोजून जातात. भाषण त्यांना घरबसल्या मिळतंच, ते जातात दोन सत्रांच्या मधल्या वेळेसाठी. टेडच्या पद्धतीत भाषण साधारण १८ मिनिटांच्या आत संपतं आणि नंतर श्रोत्यांचे प्रश्न सहसा घेत नाहीत. म्हणजे तिने दिवसभर खुर्चीत बसून ऐकलं, फोटो काढले आणि परतीची एसटी पकडली, तर तुमची शंका खरी ठरेल. विचारायचं असतं ते चहाच्या रांगेत, जेवताना, जिन्याजवळ उभं राहून.

मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना अशाच एका परिषदेला गेले होते. ज्यांना ऐकायला रात्रभर प्रवास केला, ते गृहस्थ चहाच्या वेळी माझ्यापासून चार हातांवर एकटेच उभे होते. इंग्रजीत चुकेन या भीतीने मी पुढे झालेच नाही. ते उत्तम मराठी बोलतात, हे संध्याकाळी कळलं. ती रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणून तुमच्या मुलीसाठी इतकं सविस्तर लिहितेय.

तिने वक्त्यांच्या यादीतले दोनच जण निवडावेत आणि त्यांचं काम आधी वाचावं. मग प्रत्येकासाठी एक प्रश्न कागदावर लिहावा. ‘तुमचं भाषण आवडलं’ म्हटलं की समोरचा ‘थँक यू’ म्हणतो आणि बोलणं तिथेच संपतं. ती तासगावकडच्या तुमच्या गावात विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवते, असं तुम्ही लिहिलंय. ही तर मोठी शिदोरी आहे! ‘मी वर्षभर आमच्या विहिरी मोजतेय, उन्हाळ्यात त्यातल्या मोजक्याच तग धरतात, असं का होत असेल?’ असं कुणी विचारलं, तर पाण्यावर काम करणारा माणूस थांबतोच. मराठीत विचारलं तरी चालेल. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी मुलामुलींशीही तिने बोलावं. पुढे प्रोजेक्टला सोबती अशा ओळखीतूनच मिळतात. ईमेल घेतला, तर दोन दिवसांत चार ओळी लिहून पाठवायच्या.

प्रमाणपत्रासाठी जाणार असेल तर मात्र नको. नोकरीच्या मुलाखतीत त्याला फारसं कुणी विचारत नाही. आणखी एक. टेडएक्स हे टेडच्या परवान्याने स्थानिक मंडळी भरवतात, त्यामुळे दर्जा सगळीकडे सारखा नसतो. यादीत नुसतेच प्रेरणादायी बोलणारे असतील आणि तिच्या विषयाचं कुणी नसेल, तर हे पैसे राखून ठेवा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात प्रदर्शन भरतं, तिकडे पाठवा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ती दुर्बीण जवळून बघता येते आणि शंका थेट तिथे काम करणाऱ्यांनाच विचारता येतात.

पुण्याला जायचं ठरलं, तर आदल्या रात्रीच पोहोचू द्या. सकाळी नोंदणीच्या वेळी गर्दी कमी असते, तेव्हा बोलायला निवांतपणा मिळतो. आणि तिचे दोन्ही प्रश्न लिहून झाले की मला पाठवायला सांगा. मी वाचून लगेच कळवीन.