वाचकांचे प्रश्न : निष्कलंक गर्भसंभव नेमका कोणाचा?

प्रश्न : पणजीच्या टेकडीवरील चर्चचे फेस्त ८ डिसेंबरला असते आणि ते ‘निष्कलंक गर्भसंभवा’चे आहे, असे तेथील परिचितांनी सांगितले. नाताळ २५ डिसेंबरला असताना येशूची गर्भधारणा त्याच्या अवघे सतरा दिवस आधी कशी साजरी होते? शिवाय मरियेला मूळ पाप लागलेच नाही, असे कॅथलिक मानतात. ‘सर्वांनी पाप केले आहे’ असे बायबल सांगत असताना हा अपवाद कशाच्या आधारावर? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपले सतरा दिवसांचे गणित बरोबर आहे, गर्भ मात्र दुसऱ्याचा आहे. ८ डिसेंबरच्या सणाचा विषय येशूची गर्भधारणा हा नसून, परंपरेने जिचे नाव ॲना असे सांगितले आहे त्या आईच्या उदरात झालेली मरियेची गर्भधारणा हा आहे. बरोबर नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, मरियेचा जन्मोत्सव येतो आणि वांद्र्याची मोत माउलीची जत्रा भरते ती त्याच निमित्ताने. येशूच्या गर्भधारणेचा सण २५ मार्चला असतो. तेथून नऊ महिने मोजले की नाताळ. मरियेला ॲना आणि योआकीम असे आईवडील होते आणि तिचा जन्म इतर कोणत्याही मुलीसारखाच झाला, असे ख्रिस्तसभा (चर्च) मानते. कुमारी मातेच्या पोटी जन्म हे येशूविषयीचे वेगळे विश्वाससत्य, म्हणजे श्रद्धेचा अधिकृत सिद्धांत, आहे. या दोहोंची गल्लत इतकी सर्रास होते की, धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षानुवर्षे बसलेली माणसेही तिच्यातून सुटलेली नाहीत.

आता मूळ पाप. ‘पाप’ या शब्दामुळे येथे अडखळायला होते, कारण पाप म्हटले की कोणीतरी केलेले कृत्य डोळ्यांपुढे येते. कॅथलिक शिकवणुकीनुसार मूळ पाप हे आपण केलेले पाप नव्हे, तर आदामाकडून वारशाने आलेली उणीव आहे : देवाशी जे सख्य माणसाला आरंभी लाभले होते, त्याविना जन्माला येणे. पणजोबांनी घरची जमीन घालवली म्हणून पणतू गुन्हेगार ठरत नाही, पण तो भूमिहीन मात्र जन्मतो. ती उणीव स्नानसंस्काराने (बाप्तिस्म्याने) भरून निघते, आणि म्हणूनच ज्याने काहीही वाईट केलेले नाही अशा तान्ह्या बाळालाही तो संस्कार दिला जातो.

मरियेच्या बाबतीत ही उणीव तिच्या अस्तित्वाच्या पहिल्या क्षणापासूनच नव्हती, असे पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी विश्वाससत्य म्हणून घोषित केले. तत्पूर्वी १८४९ मध्ये त्यांनी जगभरच्या बिशपांकडून लेखी मत मागवले होते. वाद त्याहून कितीतरी जुना होता, आणि गंमत अशी की त्यात विरोधी बाजूला मरियेचे मोठमोठे भक्त उभे होते. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी या सणाला आक्षेप घेतला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपण वर विचारलेल्या प्रश्नाच्याच मुळाशी असलेली अडचण मांडली : मरियेला पापाचा स्पर्शच झाला नसेल, तर तिला तारणाऱ्याची गरज उरत नाही, आणि मग ख्रिस्त सर्वांचा तारणारा कसा ठरेल?

मला या सबंध इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते याला मिळालेले उत्तर. १३०८ मध्ये वारलेले, फ्रान्सिस्कन संन्यासी संघातले स्कॉटिश विचारवंत डन्स स्कोटस यांचे म्हणणे असे की, लागलेले पाप धुणे हे तारण आहेच, पण पाप लागूच न देणे हे त्याहून श्रेष्ठ तारण आहे. वरचेच उदाहरण पुढे न्यायचे तर, एखाद्या पणतूच्या जन्माआधीच कोणी पदरची किंमत मोजून त्याचा वाटा सोडवून ठेवला, तर तो त्या दात्याचा इतर भावंडांपेक्षा अधिकच ऋणी होईल. ख्रिस्ताच्या क्रुसावरील बलिदानाचे पुण्य मरियेला आगाऊ लाभले, असे १८५४ ची घोषणाही म्हणते. म्हणूनच संत लूक यांच्या शुभवर्तमानात ती देवाला आपला ‘तारणारा’ म्हणते, त्यात कॅथलिकांना विसंगती दिसत नाही.

मधल्या काळात फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन या दोन संन्यासी संघांत हा वाद इतका चिघळला की, स्वतः फ्रान्सिस्कन असलेल्या पोप चौथे सिक्स्टस यांना दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये, अशी ताकीद द्यावी लागली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये मूळ पापाविषयीचा निर्णय दिला, तेव्हा तो मरियेला लागू करण्याचा आपला हेतू नाही, एवढेच म्हणून ती थांबली.

राहिला बायबलचा प्रश्न. मरियेला मूळ पाप नव्हते, असे थेट सांगणारे वचन बायबलमध्ये नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. देवदूत तिला ‘कृपा पावलेली’ म्हणून हाक मारतो, तेथील मूळ ग्रीक शब्द आधीच पूर्ण झालेली आणि टिकून राहिलेली कृपा सुचवतो. पण केवळ त्या एका शब्दावर हा सिद्धांत उभा राहत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभा पवित्र शास्त्राच्या जोडीने परंपरेलाही प्रमाण मानते, तर प्रॉटेस्टंट बांधवांना हे मान्य नाही, आणि खरा मतभेद तेथे आहे. संत पॉल यांचे ‘सर्वांनी पाप केले आहे’ हे वचन कॅथलिक सर्वसाधारण विधान म्हणून वाचतात. येशूचा अपवाद तर प्रॉटेस्टंटही करतातच. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मरियेला ‘सर्वपवित्र’ म्हणतात आणि ९ डिसेंबरला ॲनाच्या गर्भधारणेचा सणही पाळतात, परंतु मूळ पापाची त्यांची कल्पनाच निराळी असल्यामुळे त्यांना या सिद्धांताची गरज वाटत नाही.

प्रश्न : मृत्यू हे पापाचे फळ असेल, तर मूळ पाप नसलेल्या मरियेला मृत्यू आला का? – एक वाचक, वसई

उत्तर : ख्रिस्तसभेने यावर अंतिम निर्णय दिलेला नाही. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी मरियेच्या स्वर्गउन्नयनाचे विश्वाससत्य घोषित केले, तेव्हा ‘ऐहिक जीवनक्रम पूर्ण झाल्यावर’ ती शरीर आणि आत्म्यासह स्वर्गात घेतली गेली, अशी शब्दयोजना केली आणि मृत्यूचा प्रश्न खुला ठेवला. पूर्वेकडे तर १५ ऑगस्टच्या सणाचे नावच मरियेची ‘निद्रा’ असे आहे, आणि तिला मृत्यू आला, असेच बहुतेक धर्मपंडित मानत आले आहेत. ज्याला पापाचा लवलेशही नव्हता, त्या तिच्या पुत्रालाही तो चुकला नव्हता.