वाचकांचे प्रश्न : अठरा दिवसांची पात्रता

प्रश्न : बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगन राज्यातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तेव्हा आमच्या वाचनालयात त्या सभागृहावर निवडून आलेले पहिले भारतीय वंशाचे सदस्य, कॅलिफोर्नियाचे दलीपसिंग सौंद यांचे नाव निघाले होते. सौंद यांना नागरिकत्व १९४९ च्या डिसेंबरात मिळाले आणि ते १९५६ च्या नोव्हेंबरात निवडून आले, असे एके ठिकाणी वाचले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासाठी सात वर्षांचे नागरिकत्व लागते. मग ते पात्र कसे ठरले? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण दिलेल्या तारखा बरोबर आहेत आणि शंकाही रास्त आहे. सौंद यांना नागरिकत्व मिळाले १६ डिसेंबर १९४९ रोजी, आणि मतदान झाले ६ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे मतदारांनी कौल दिला त्या दिवशी सात वर्षे पुरी व्हायला सव्वा महिना कमी होता. मात्र पात्रता मोजायची ती सभागृहात जागा घेण्याच्या दिवशी, निवडणुकीच्या दिवशी नव्हे, असा अर्थ तेथे रूढ आहे. नवे सभागृह ३ जानेवारी १९५७ रोजी भरले. त्या दिवशी सौंद यांची सात वर्षे पुरी होऊन अठरा दिवस झाले होते. पक्षांतर्गत उमेदवारीच्या फेरीतील एका प्रतिस्पर्ध्याने याच मुद्द्यावर त्यांना न्यायालयात खेचले होते, पण तो दावा टिकला नाही.

तारखांच्या हिशेबात ते एकदा अडकलेही होते. १९५० साली कॅलिफोर्नियातील वेस्टमोरलंड या छोट्या गावाच्या स्थानिक न्यायाधीशपदासाठी ते उभे राहिले आणि निवडून आले. पण निवडणुकीच्या वेळी नागरिकत्वाला वर्षही झालेले नव्हते, म्हणून ते पद त्यांना नाकारण्यात आले. १९५२ साली ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा जिंकले आणि संसदेत जाईपर्यंत त्या पदावर राहिले. त्या प्रचारातला एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. उपाहारगृहात एका विरोधकाने सर्वांदेखत त्यांना विचारले, की तुम्ही निवडून आलात तर तुमच्या न्यायालयात येणाऱ्यांना पगड्या तुम्ही पुरवणार की त्या आम्हीच विकत घ्यायच्या? माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे तेवढे मी पाहतो, अशा आशयाचे उत्तर सौंद यांनी दिले. त्यांनी स्वतः पगडी घालणे अमेरिकेत आल्यावर सोडले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रश्नातली बोच अधिक कळते.

मला स्वतःला मात्र या अठरा दिवसांपेक्षा त्याआधीची वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. सौंद यांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजी अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवड्डी या गावी झाला. पंजाब विद्यापीठाची गणिताची पदवी घेऊन ते १९२० साली अमेरिकेला गेले. फळे डबाबंद करण्याचे तंत्र शिकायचे आणि परत येऊन तो उद्योग काढायचा, हा त्यांचा मूळ बेत होता. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी शेतीशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाव घातले, पण मन पुन्हा गणिताकडे वळले आणि १९२४ साली त्यांनी त्या विषयात पीएच.डी. मिळवली. स्टॉकटनच्या गुरुद्वाराने बर्कलीत भारतीय विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या घरात ते राहत आणि सुट्टीत डबाबंदीच्या कारखान्यांत मजुरी करत.

याच काळात, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला. थिंद हेही अमृतसर जिल्ह्यातलेच, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात राहिलेले. नागरिकत्वाचा कायदा 'गोऱ्या' व्यक्तींपुरता असून सामान्य माणूस त्या शब्दाचा जो अर्थ घेतो त्यात भारतीय बसत नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. थिंद यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा सरकारने प्रयत्न केला. पंडितांनी तो दावा जिंकला, पण इतर अनेकांचे नागरिकत्व गेले. ज्याला नागरिकत्व मिळू शकत नाही त्याला कॅलिफोर्नियात शेतजमीन विकत घेण्याची मनाई होती. इतकेच नव्हे, तर अशा माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्वही त्या काळच्या कायद्याने जात असे. ही तरतूद १९३१ पर्यंत टिकली. सौंद यांनी मेरियन कोसा यांच्याशी १९२८ साली लग्न केले, हे या संदर्भात वाचावे.

गणितात डॉक्टर झालेल्या या माणसाला आपल्या शिक्षणाला साजेसे काम मिळाले नाही. ते १९२५ साली मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या इम्पीरियल खोऱ्यात गेले आणि कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या टोळीवर मुकादम झाले. हे खोरे मुळात वाळवंट. कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणून तेथे शेती उभी राहिलेली. पुढे त्यांनी स्वतः सॅलडचा पाला, बीट, लसूणघास अशी पिके घेतली आणि महामंदीत ते कर्जात बुडाले. दिवाळखोरी जाहीर करण्याची मुभा असताना त्यांनी ती घेतली नाही आणि सावकाशीने कर्ज फेडले. कॅथरिन मेयो या अमेरिकी लेखिकेच्या, भारतीय समाजावर झोड उठवणाऱ्या 'मदर इंडिया' या पुस्तकाने आपल्याकडेही १९२७ साली मोठे वादळ उठवले होते. त्याला उत्तर देणारे सौंद यांचे पुस्तक १९३० साली स्टॉकटनच्या खालसा दिवाण या शीख संस्थेने छापले.

मतदानाचा हक्कच नसताना हा शेतकरी राजकारणात काय करू शकत होता? माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम याच काळातले आहे. भारतीयांना नागरिकत्व मिळावे यासाठी १९४२ साली त्यांनी इतरांच्या साथीने इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका ही संघटना उभारली आणि तिचे अध्यक्षपद सांभाळले. न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग यांची इंडिया लीग हेच काम करत होती. रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे इमॅन्युएल सेलर यांनी संसदेत त्यासाठीचे विधेयक लावून धरले आणि २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना प्रवेश, एवढेच त्यातले स्थलांतराचे दार. पण आधीपासून तेथे राहणाऱ्या भारतीयांना नागरिकत्वाचा अर्ज करता येऊ लागला. सौंद यांनी तो केला, आणि तेथून आपल्या प्रश्नातल्या तारखा सुरू होतात.

प्रश्न : संसदेत जाऊन सौंद यांनी भारतासाठी काय केले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ते भारताचे प्रतिनिधी नव्हते, रिव्हरसाइड आणि इम्पीरियल या दोन परगण्यांचे होते, आणि त्यांनी स्वतः हा फरक काटेकोरपणे पाळला. १९५६ साली त्यांच्याविरुद्ध उभ्या होत्या जॅकलिन कॉकरन, ध्वनीपेक्षा अधिक वेगाने विमान चालवणारी जगातली पहिली स्त्री, संपन्न आणि देशभर नावाजलेली. अशा उमेदवाराला हरवायला पाणी, पिकांचे भाव आणि मजुरांची उपलब्धता याच विषयांवर बोलावे लागते. म्हणूनच बागाईतदारांच्या सोयीसाठी मेक्सिकोतून हंगामी मजूर आणण्याच्या योजनेला त्यांनी पाठिंबा दिला. स्वतः मजुरांबरोबर राबलेल्या माणसाची ही भूमिका मला खटकते, पण ती लपवण्याचे कारण नाही.

पहिल्याच वर्षी त्यांना परराष्ट्र व्यवहार समितीवर घेतले गेले आणि १९५७ च्या अखेरीस आशियाच्या दौऱ्यात ते भारतातही आले. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. एका राज्यातील १३ परगण्यांत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव मतदारयादीत नाही, ही वस्तुस्थिती त्यांनी सभागृहापुढे ठेवली. हयातीतली बरीच वर्षे स्वतःच मतदारयादीबाहेर राहिलेल्या माणसाने हे बोलून दाखवले, याचे मोल मला फार वाटते.

१९५८ आणि १९६० साली ते पुन्हा निवडून आले. मे १९६२ मध्ये वॉशिंग्टनला जाताना विमानातच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. उमेदवारी त्यांचीच राहिली, पण प्रचार करणे शक्य नव्हते आणि नोव्हेंबरात ते हरले. २२ एप्रिल १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रश्न : त्यांच्यानंतर भारतीय वंशाचे कोण? (तेच वाचक)

उत्तर : २००५ साली लुइझियानाचे बॉबी जिंदाल, पण त्यांचा जन्म अमेरिकेतला. भारतात जन्मलेल्या व्यक्तीने प्रतिनिधिगृहात पुन्हा शपथ घेतली ती थेट जानेवारी २०१७ मध्ये, प्रमिला जयपाल आणि राजा कृष्णमूर्ती यांनी.