पहिली नोकरी शोधणाऱ्या नवोदित अभियंत्यांसाठी

कॅम्पस प्लेसमेंट हुकले म्हणून लगेच आणखी एका कोर्सची फी भरू नका. रेझ्युमेवर दहा तंत्रज्ञानांची नावे लिहिण्यापेक्षा एकच प्रकल्प असा करा, की त्यातील प्रत्येक निर्णयामागचे कारण तुम्हाला सांगता येईल. गावातल्या दूध संकलन केंद्राच्या नोंदी ठेवणारे साधे अ‍ॅपही चालेल, मात्र ते गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) असावे आणि ते कसे चालवायचे हे रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये नीट लिहिलेले असावे. मुलाखत घेताना मी हमखास एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा, विचारतो. ज्या शेतकऱ्यांनी आज दूध घातले नाही त्यांचीही नावे यादीत हवी असतील, तर लेफ्ट जॉइन (पहिल्या तक्त्यातील सर्व ओळी राखून दुसरा तक्ता जोडणे) लावून तारखेची अट वेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतरच्या गाळणीत, टाकणारे उमेदवार फसतात, कारण त्या अटीमुळे नेमक्या त्याच ओळी गळून पडतात. ती अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीतच, लिहावी लागते. पाठांतराने हे जमत नाही.

टीसीएस या आयटी कंपनीच्या एनक्यूटी या भरती परीक्षेसारख्या परीक्षा अवश्य द्या, पण पुण्याच्या हिंजवडी-खराडीतील लहान कंपन्यांकडे आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील अप्रेंटिसशिपकडेही लक्ष असू द्या. अप्रेंटिसशिपमध्ये पदवीधरांना विद्यावेतन मिळते. सीनियरकडे रेफरल (त्यांच्या कंपनीत शिफारस) मागताना त्या जागेची लिंक आणि रेझ्युमे एकदमच पाठवा. नोकरीसाठी अनामत रक्कम मागणाऱ्यांना सरळ नकार द्या, बॉण्डवर सही करण्यापूर्वी मध्येच नोकरी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल हे वाचून घ्या आणि मूळ गुणपत्रिका पडताळणीपुरत्या दाखवा, कोणाच्या ताब्यात देऊ नका.