दात राखून दुरुस्ती : दंतवैद्यांना विचारलेले प्रश्न

या वेळच्या प्रश्नांत उपचारांची नावे वेगवेगळी असली, तरी जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एकच धाकधूक दिसते : या उपचाराने दाताचे काही वाईट तर होणार नाही ना? ही धाकधूक रास्त आहे. दातावरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असला, तरी त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडले तर जुळून येते, कातडी कापली तर भरून येते, पण एकदा घासून काढलेले एनॅमल पुन्हा येत नाही. म्हणून कोणत्या उपचारात दाताचा किती भाग खर्ची पडतो, याचा हिशेब पुढील उत्तरांत मुद्दाम मांडला आहे.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी दात मशीनने स्वच्छ करून घेतले. तेव्हापासून खालच्या पुढच्या दातांमध्ये फटी दिसू लागल्या, गार पाण्याने दात सळसळतात आणि एक दात किंचित हलतो. मशीनने दातांचे कवच निघून गेले असेल का?

उत्तर : ही तक्रार इतकी सर्रास येते की स्वच्छता करण्याआधीच ती रुग्णाला समजावून सांगावी, असे माझे मत आहे, तुम्हाला ते सांगितले गेले नाही, ही आमच्या व्यवसायाची चूक समजा. दातांवर रोज साचणारा चिकट थर वेळच्या वेळी निघाला नाही, तर लाळेतले क्षार त्यात बसून त्याचा दगड होतो. यालाच टार्टर किंवा किटण म्हणतात. लाळग्रंथींची तोंडे खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूला उघडतात, त्यामुळे किटण तिथेच सर्वांत जास्त बसते. हा दगड ब्रशने निघत नाही. मशीनचे टोक सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा कंप पावते, त्या कंपाने किटण सुटते आणि सोबत येणारे पाणी ते धुऊन नेते. टोक योग्य कोनात धरले, तर कवचाला जाणवण्याजोगी इजा होत नाही.

मग फटी आल्या कुठून? त्या आधीपासूनच होत्या, किटणाने बुजल्या होत्या. किटणाखाली राहणारे जंतू हिरडीला सूज आणतात आणि ती सूज पुढे दाताला धरून ठेवणारे हाड झिजवते. किटण काढले की सुजलेली हिरडी आकसून जागेवर बसते, मुळाचा झाकलेला भाग उघडा पडतो आणि गार पाणी त्याला थेट लागते. हलणारा दातही याच कारणाने हलतो : हाड त्याला पुरेसे धरून नव्हते आणि किटणाचा दगड शेजारच्या दातांना चिकटून त्याला टेकू देत होता. सळसळ बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरते. दोन महिने झाले तरी ती टिकून असेल, तर संवेदनशील दातांसाठीची पेस्ट वापरून पाहावी. ती लावून लगेच भरपूर पाण्याने चूळ भरली तर तिचा उपयोग उरत नाही, नुसती थुंकावी. हलणाऱ्या दातासाठी मात्र हिरडीची खोली मोजून घ्या. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ४ किंवा त्याहून जास्त भरली, तर हिरडीखालची खोल स्वच्छता लागेल. धूम्रपान करत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा : तंबाखूमुळे हिरडीतून रक्त येणे कमी होते आणि आजार आतल्या आत वाढत राहतो.

प्रश्न : महिन्यापूर्वी दाढ इतकी ठणकत होती की रात्रभर झोप लागली नाही. दंतवैद्यांनी रूट कॅनाल आणि त्यावर कॅप सांगितली. आता ठणका पूर्ण थांबला आहे. तरीही उपचार करावा का? आणि कॅपशिवाय भागणार नाही का?

उत्तर : करावा, आणि लवकर करावा. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि नसांचा एक मऊ गाभा असतो आणि त्याच्या चारही बाजूंना कठीण भिंती असतात. बोटाला सूज आली तर बोट फुगते. या गाभ्याला फुगायला जागाच नसते, म्हणून सूज आली की आतला दाब वाढतो आणि ठणका लागतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त अधिक येते, म्हणून तो रात्री वाढतो. गरम प्यायल्यावर कळ येऊन बराच वेळ टिकणे, ही गाभा वाचण्याच्या पलीकडे गेल्याची खूण असते. त्यानंतर एक दिवस ठणका अचानक थांबतो आणि रुग्ण सुटकेचा श्वास सोडतो. पण नस बरी झालेली नसते, मेलेली असते. मेलेल्या गाभ्यात जंतू बिनविरोध वाढतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि काही आठवड्यांनी किंवा वर्षांनी गळू होऊन वर येतात. तेव्हा गाल सुजलेला असतो आणि पर्याय कमी झालेले असतात.

उपचारात दाढेच्या माथ्यावर छोटे छिद्र पाडून मुळांतील नलिका शोधतात. हे काम दिसते त्याहून किचकट असते. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, पण नलिका बहुतेक वेळा चार असतात. चौथी केसाएवढी बारीक असते आणि ती राहून गेली तर उपचार झालेली दाढही पुन्हा त्रास देते. नलिका बारीक सुयांनी घासून, जंतुनाशक द्रावणाने पुन्हा पुन्हा धुऊन, शेवटी गटापर्चा नावाच्या गुलाबी पदार्थाच्या टोकदार काड्यांनी बंद करतात. गटापर्चा म्हणजे एका झाडाचा चीक. हा चीक जंतूंना आत जागा ठेवत नाही. काम चालू असताना दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावला आहे ना, एवढे तुम्ही स्वतः पाहू शकता. तो लाळ आत येऊ देत नाही आणि बारीक सुई घशात पडू देत नाही.

आता कॅपविषयी. ‘नस काढली की दात सुकून ठिसूळ होतो,’ असे सांगितले जाते, पण खरे कारण दुसरे आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उपदाढांचा, म्हणजे सुळे आणि दाढा यांच्यामधल्या दातांचा, ताठरपणा मोजला गेला. केवळ रूट कॅनालसाठी छिद्र पाडल्याने तो सुमारे ५ टक्के घटला. पण दाताच्या दोन्ही कडा कापल्या गेल्या, तेव्हा सुमारे ६३ टक्के घटला. दात कमकुवत होतो तो कीड आणि मोठ्या भरणीमुळे. दाढेच्या दोन्ही कडा शाबूत असतील, तर नुसत्या चांगल्या भरणीवर भागू शकते, आणि पुढच्या दातांना अनेकदा भागतेही. तुमच्या दाढेची कीड आतल्या गाभ्यापर्यंत पोहोचली होती, त्यामुळे एखादी कड गेलेली असण्याचीच शक्यता अधिक. अशा वेळी कॅप चुकवू नये. उपचार करून कॅप पुढे ढकललेली दाढ रुग्ण कागदात गुंडाळलेल्या तुकड्यासह घेऊन येतात; भेग मुळापर्यंत उतरलेली असते, आणि मग ती काढण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रश्न : एका समारंभासाठी दात पांढरे करून घ्यायचे आहेत. समोरच्या एका दातावर जुनी भरणी आहे आणि दुसरा दात इतरांपेक्षा काळपट आहे. सगळे एकसारखे होतील का?

उत्तर : नाही होणार, आणि हे आधी कळलेले बरे. दात पांढरे करणारे पेरॉक्साइड कवचातून आत शिरून दाताच्या पिवळ्या भागातील रंगद्रव्ये फोडते. त्यात दात कापला जात नाही, ही या उपचाराची मोठी जमेची बाजू. भरणी, कॅप किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) मात्र जसेच्या तसे राहतात, म्हणजे आजवर मिसळून गेलेली भरणी नंतर उठून दिसेल. ती बदलायची तर पांढरे केल्यानंतर साधारण २ आठवडे थांबावे लागते. रंग स्थिर व्हावा आणि दातात अडकलेला ऑक्सिजन निघून जावा, म्हणून. तो शिल्लक असताना नवी भरणी नीट चिकटत नाही. समारंभ याहून जवळ असेल, तर घाई करू नका.

काळपट दाताची गोष्ट वेगळी. एकच दात काळवंडला असेल, तर बहुधा पूर्वी कधी तरी मार लागून त्याची नस मेलेली असते. आधी एक्स-रे काढावा. नस मेली असल्यास रूट कॅनाल करून विरंजक औषध दाताच्या आतच ठेवता येते आणि अनेकदा रंग बराच सुधारतो. बाहेरून कितीही घासले तरी तो सुधारणार नाही. कोळशाच्या भुकटीने घासण्याचा मोहही टाळा. ती वरचे डाग खरवडते आणि सोबत कवचही, ज्याखाली नैसर्गिकच पिवळा थर असतो.

प्रश्न : वय २६. वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये फट आहे. समोरच्या आठ दातांना व्हेनिअर लावून हसू सुंदर होईल, असा सल्ला मिळाला आहे. तुमचे मत काय?

उत्तर : दोन दातांमधल्या एका फटीसाठी आठ निरोगी दात घासणे मला पटत नाही. व्हेनिअर म्हणजे पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा. तो बसवायला दाताच्या दर्शनी भागाचे साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर कवच घासून काढतात. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हिरडीजवळ कवचच मुळी फार पातळ असते. एकदा घासलेल्या दाताला नंतर आयुष्यभर काही ना काही आवरण लागणारच, आणि पहिले व्हेनिअर २६ व्या वर्षी बसवले तर ते पुढे एकदा तरी बदलावे लागेल, हे धरून चालावे. चांगले व्हेनिअर दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक टिकते, यात शंका नाही. पण तुमच्यापुढे त्याहून कितीतरी अधिक वर्षे आहेत.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : ही फट लहानपणापासून आहे, की अलीकडे वाढली? वाढत असेल तर हिरडीच्या आजाराने दात सरकत असतील, आणि तिथे कोणताही पापुद्रा कामाचा नाही. जुनीच असेल तर दोन साधे मार्ग आहेत. एक, तारा किंवा अलायनर, म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, लावून दात जवळ आणणे. दुसरा, दाताच्या रंगाचे कंपोझिट दोन्ही कडांना चिकटवून फट भरणे. यात दात घासावा लागत नाही किंवा नाममात्र घासावा लागतो. सौम्य आम्ल काही सेकंद लावून कवच सूक्ष्म खडबडीत केले की त्यावर कंपोझिट पक्के धरते. ही कल्पना अमेरिकेतले दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली मांडली, आणि दातांना न कापता दुरुस्त करण्याची वाट तिथून मोकळी झाली. कंपोझिट काही वर्षांनी डागाळते, कधी कपचा उडतो, त्याची डागडुजी करावी लागते. पण खालचा दात तुमचाच आणि अखंड असतो, त्यामुळे चाळिशीत विचार बदलला तरी सगळे पर्याय हाताशी राहतात.

प्रश्न : खालची एक दाढ काढून चार महिने झाले. ब्रिज करावा की इम्प्लांट? मला मधुमेह आहे.

उत्तर : ब्रिजसाठी दोन्ही बाजूंच्या दाढा चहूबाजूंनी घासून त्यांवर कॅपा बसवाव्या लागतात. त्या दाढांवर आधीच मोठ्या भरण्या असतील आणि कॅपची गरज असेल, तर ब्रिज हा शहाणपणाचा निर्णय ठरतो. त्या निरोगी असतील, तर इम्प्लांटकडे, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात उभारण्याकडे, माझा कल राहील. स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे निघता निघेनात. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवते, हे त्यातून कळले, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. आजही हाडाने स्क्रू धरून ठेवण्यावरच सारे अवलंबून असते, म्हणून कॅप बसवण्याआधी सहसा काही महिने थांबावे लागते.

मधुमेह असल्याने इम्प्लांट नाकारायचे कारण नाही. साखर आटोक्यात नसेल, तर थांबायचे कारण आहे. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी करून तो अहवाल सोबत न्या. हाडांच्या ठिसूळपणासाठी औषधे चालू असतील, तर तेही आवर्जून सांगा. आणि फार रेंगाळू नका : दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि समोरची वरची दाढ मोकळ्या जागेत हळूहळू उतरू लागते.

प्रश्न : वय ४५. आता दातांना तारा लावून उपयोग होईल का?

उत्तर : होईल. दात हाडात रुतलेला नसतो, बारीक तंतूंनी टांगलेला असतो. दाब दिला की एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे बनते, आणि हे कोणत्याही वयात घडते. वेग मात्र महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर धरा. हिरड्या आधी निरोगी हव्यात. अलायनर घेतल्यास ते दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवेत, आणि उपचार संपल्यावर रिटेनर, म्हणजे दातांना नव्या जागी धरून ठेवणारे साधन, वापरायचा थांबवला, तर दात जुन्या जागी परतू पाहतात. रिटेनर ही कायमची गोष्ट समजूनच तारा लावाव्यात.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाच्या सर्वांत मागच्या दाढेत काळी रेघ दिसते. दुधाचा दात आहे, पडेलच ना?

उत्तर : पडणार नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते, ती कायमची पहिली दाढ असते. ती येताना दुधाचा कोणताही दात पडत नाही, त्यामुळे पालकांची हमखास गल्लत होते. काळी रेघ नुसता डाग आहे की कीड, हे याच आठवड्यात तपासून घ्या. नुसता डाग असल्यास दाढेच्या खाचा बुजवणारा सीलंटचा पातळ थर देता येतो. त्याला भूल लागत नाही, दातही कापावा लागत नाही आणि काम काही मिनिटांत होते. दुसऱ्या बाजूची दाढ नुकतीच येत असेल, तर तिचीही तारीख त्याच वेळी ठरवून टाका.