‘मा’ या कान्जीतले भूत

जपानीत ‘आकुमा’ म्हणजे सैतान. या शब्दातल्या ‘मा’ या कान्जीत, म्हणजे चिनीतून जपानीत आलेल्या अक्षरात, वर भांगेचे झाड आणि खाली भूत दिसते, तेव्हा त्याचा मूळ अर्थ ‘नशेत दिसणारे भूत’ असा घ्यावा का आणि त्याचे कुन्-वाचन, म्हणजे अस्सल जपानी शब्दाने होणारे वाचन, कोणते, असे एका अभ्यासकाने विचारले आहे.

असा अर्थ मुळीच घेऊ नये. अक्षर लक्षात राहावे म्हणून रचलेली गोष्ट व्युत्पत्ती म्हणून खपवण्याची खोड फार बोकाळली आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. वरचे चिन्ह वाखासाठी लावल्या जाणाऱ्या झाडाचे आहे. त्याचे ओन्-वाचन, म्हणजे चिनी उच्चारावरून आलेले वाचन, ‘मा’, आणि येथे ते केवळ तो उच्चार पुरवते. अर्थ सांगते ते खालचे ‘ओनी’, म्हणजे भूत. त्याच झाडाखाली दगडाचे चिन्ह लिहिले की ‘घासणे’, हाताचे लिहिले की ‘चोळणे’ असा अर्थ होतो, आणि ओन्-वाचन तिन्ही ठिकाणी ‘मा’च राहते. त्या दगडात आणि हातात नशा कोणी शोधत नाही, मग भुतातच का शोधावी?

हा ‘मा’ आपला ‘मार’ आहे. बोधिवृक्षाखाली गौतमाला ढळवू पाहणारा, अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात सैन्यासह कोरलेला, ‘मरण’ आणि ‘मारणे’ यांच्याच धातूतून आलेला मार. चिनी अनुवादकांनी त्याच्या नावासाठी आधी ‘घासणे’चे अक्षर वापरले आणि पुढे लियांग घराण्याच्या सम्राट वू याने (कारकीर्द ५०२–५४९) दगड काढून भूत बसवले, अशी परंपरा आहे. श्रेय कोणाचेही असो, अक्षराची घडण ध्वनीवर झाली आहे. शब्दच परका असल्यामुळे जपानच्या २,१३६ नित्योपयोगी कान्जींच्या यादीत या अक्षराला कुन्-वाचन दिलेले नाही. कोणाच्या घरात पाऊल टाकताना जपानी माणूस नम्रपणे ‘ओज्यामा शिमास्’ म्हणतो, त्यातही हाच ‘मा’ आहे. साधनेतले विघ्न तेथे ‘आपल्याला त्रास देतो’ इतके सौम्य झाले आहे.

पण खरी गंमत ‘दान्मात्सुमा’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ प्राण जातानाची तडफड. ‘दान्’ म्हणजे तोडणे, ‘मात्सु’ म्हणजे शेवट आणि ‘मा’ म्हणजे भूत, म्हणून ‘शेवटच्या भुताने तोडणे’ अशी फोड करणारे पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात. ‘मात्सुमा’ हा अखंड शब्द आहे आणि तो संस्कृत ‘मर्मन्’चे लिप्यंतर आहे. ‘र्’ने संपणारे अक्षर चिनी लेखकांनी ‘त्’ने संपणाऱ्या अक्षराने भागवले आणि जपानी जिभेने त्या ‘त्’चा ‘त्सु’ केला. सुश्रुताने शरीरात १०७ मर्मे मोजली आहेत. मरणाच्या क्षणी मर्मे तुटतात आणि त्या वेदनेने माणूस किंचाळतो, अशी बौद्धांची समजूत होती. म्हणजे ‘दान्मात्सुमा’ हा अक्षरशः ‘मर्मच्छेद’ आहे. तेथे ना मार आहे, ना भूत. आणि तरीही ते भुताचे अक्षर लिहिले जाते, कारण लिहिणाऱ्याला हवा होता तो फक्त ‘मा’.